ला फॉलेट की नॉरिस? अमेरिकी सिनेटमधला कोणता बंडखोर आधी वाचावा

प्रकल्पासाठी किंवा भाषणासाठी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची अमेरिका समजून घ्यायला एकाच लोकप्रतिनिधीचं आयुष्य नीट वाचायचं ठरवलं, की गाडी बहुधा दोन नावांपाशी अडते. विस्कॉन्सिनचे रॉबर्ट ला फॉलेट (1855–1925) आणि नेब्रास्काचे जॉर्ज नॉरिस (1861–1944). दोघेही शेतकऱ्याच्या घरातले, दोघांचंही पितृछत्र लहानपणीच हरपलेलं, दोघेही वकील, दोघेही रिपब्लिकन आणि दोघांचंही स्वपक्षातल्या धुरिणांशी कायम वाकडं. तरीही कोणाचंही चरित्र उचललं तरी चालेल, असं नाही. माझं मत आधीच सांगतो: निवडणुकीचं राजकारण समजून घ्यायचं असेल तर ला फॉलेट घ्या. सभागृह कसं चालतं आणि ते आतून कसं बदलता येतं हे पाहायचं असेल तर नॉरिस.

ला फॉलेट यांची खरी कर्मभूमी विस्कॉन्सिन. तिथे उमेदवार कोण हे पक्षाच्या अधिवेशनात ठरे आणि अधिवेशनावर रेल्वे आणि लाकूड कंपन्यांचा वरचष्मा. 1896 आणि 1898 मध्ये याच अधिवेशनांनी त्यांना गव्हर्नरपदाचं तिकीट नाकारलं. 1900 मध्ये ते निवडून आले आणि तिकीटवाटपाची ही पद्धतच मोडायच्या मागे लागले. उमेदवार थेट मतदारांनी निवडावा, या प्रायमरीच्या कायद्याला 1904 मध्ये राज्यातल्या मतदारांनी सार्वमताने मंजुरी दिली. पुढच्या वर्षी रेल्वेच्या दरांवर लक्ष ठेवणारा आयोग आला. 1906 पासून मृत्यूपर्यंत ते सिनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात होते. सिनेटर म्हणून ते गावोगाव व्याख्यानं देत आणि तिथल्या सिनेटरने कोणत्या विधेयकावर कसं मत दिलं, ते नावानिशी वाचून दाखवत. आपल्या प्रतिनिधीचा हिशेब असा भर सभेत ऐकायला मिळणं लोकांना नवं होतं.

त्यांच्या हट्टाची कल्पना 1908 च्या एका रात्रीवरून येते. बँकांच्या सोयीच्या चलनविधेयकाला रोखायला ते अठरा तासांहून जास्त वेळ बोलत राहून सभागृह अडवून उभे राहिले. मधेच सिनेटच्या उपाहारगृहातून मागवलेलं दूध-अंड्याचं पेय कडू लागलं म्हणून त्यांनी ते परत पाठवलं. त्यात विषारी अंश असल्याचं पुढे तपासणीत निघाल्याचं सांगतात. एवढं करून विधेयक मंजूर झालंच.

आता नॉरिस. मार्च 1910 मधल्या त्यांच्या एका चालीवर मी अख्खा प्रकल्प करायला सांगेन. नॉरिस तेव्हा प्रतिनिधीगृहात, म्हणजे कनिष्ठ सभागृहात होते. तिथले सभापती जोसेफ कॅनन स्वतःच नियम समितीचे अध्यक्ष होते आणि बाकीच्या समित्यांवरच्या नेमणुकाही तेच करत. त्यांच्या मर्जीशिवाय विधेयक चर्चेलाच येत नसे. जनगणनेची तरतूद राज्यघटनेत आहे, म्हणून त्या विषयाला अग्रक्रम मिळतो, असा निवाडा कॅनन यांनी नुकताच दिला होता. नॉरिस यांनी तोच धागा पकडला. सभागृहाने स्वतःचे नियम ठरवावेत हेही राज्यघटनेतच आहे, मग सभापतींना नियम समितीतून काढण्याच्या माझ्या ठरावालाही अग्रक्रम हवा! कितीतरी दिवस खिशात बाळगलेला कागद त्यांनी 17 मार्चला बाहेर काढला. तो सेंट पॅट्रिकचा सण होता, कॅनन यांचे बरेच पाठीराखे सभागृहाबाहेर होते. त्यांना गोळा करायला वेळ मिळावा म्हणून चर्चा रात्रभर ताणली गेली. 19 तारखेला कॅनन यांनी ठराव नियमबाह्य ठरवला, सभागृहाने तो निवाडाच फिरवला आणि ठराव 191 विरुद्ध 156 मतांनी मंजूर झाला. सभापती नियम समितीतून बाहेर गेले. इथे भाषणबाजीने काही झालं नाही. सभापतींचाच निवाडा त्यांच्यावर उलटवण्याची ही कारागिरी मला ला फॉलेट यांच्या अठरा तासांपेक्षा मोठी वाटते.

पहिल्या महायुद्धात उतरण्याच्या ठरावावर 4 एप्रिल 1917 रोजी सिनेटमध्ये 82 विरुद्ध 6 असं मतदान झालं. तोवर नॉरिसही सिनेटमध्ये आले होते आणि विरोधातल्या सहांत हे दोघेही होते. व्यापारी जहाजांवर तोफा बसवण्याचं विधेयक अडवलं म्हणून नॉरिस यांच्यावर त्याआधीच टीकेची झोड उठली होती. ते नेब्रास्काला परतले, हवी तर पोटनिवडणूक घ्या असं सांगितलं आणि लिंकन शहरात लोकांपुढे जाऊन आपली बाजू मांडली. ला फॉलेट यांच्या सप्टेंबरमधल्या भाषणाची बातमी वृत्तसंस्थेने चुकीची दिली आणि त्यांना सिनेटमधून काढून टाकण्याची मागणी झाली. ते प्रकरण जानेवारी 1919 मध्ये 50 विरुद्ध 21 मतांनी त्यांच्या बाजूने निकालात निघालं. 1924 मध्ये ते अध्यक्षपदाला उभे राहिले, सुमारे 16.6 टक्के मतं मिळाली, पण राज्य जिंकलं ते एकटं विस्कॉन्सिन.

नॉरिस यांच्या कामाचा पुढचा टप्पा मराठी वाचकाला जास्त जवळचा वाटेल. टेनेसी नदीवरची वीज सरकारी मालकीची असावी यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले. कूलिज आणि हूवर या दोन अध्यक्षांनी त्यांची विधेयकं रोखली आणि अखेर 1933 मध्ये टेनेसी खोरे प्राधिकरण उभं राहिलं. दामोदर खोऱ्याची योजना त्याच धर्तीवर आखली गेली, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. शिवाय नेब्रास्कात 1934 च्या सार्वमताने एकच सभागृह आलं, तेही नॉरिस यांच्याच प्रचारामुळे. राज्यांना विधान परिषद हवी की नको, या वादावर लिहिणाऱ्याला हे उदाहरण हाताशी असलंच पाहिजे.

पण टेनेसीतल्या कामाची दुसरी बाजू गाळू नका. प्राधिकरणाने बांधलेल्या नॉरिस धरणासाठी अडीच हजारांहून जास्त कुटुंबांना घरदार सोडावं लागलं आणि धरणाच्या कामासाठी वसवलेल्या नॉरिस गावात कृष्णवर्णीयांना घर मिळत नव्हतं. धरणग्रस्तांची आणि गावकुसाबाहेरच्या वस्त्यांची गोष्ट माहीत असलेल्या वाचकाला हे मनाला लागल्याशिवाय राहणार नाही. प्रकल्पात यावर एक स्वतंत्र प्रकरण द्यायलाच हवं.

वक्तृत्व स्पर्धेसाठी विषय हवा असेल तर बिनदिक्कत ला फॉलेट घ्या, तिथे प्रसंगाला तोटा नाही. मात्र त्यांचं आत्मचरित्र 1912 पाशी थांबतं, त्यामुळे युद्धविरोधासाठी दुसरीकडे वळावं लागेल. नॉरिस यांचं आत्मचरित्र त्यांच्या मृत्यूनंतर आलं आणि त्यात जवळजवळ सगळी कारकीर्द सापडते. हाताशी पंधराच दिवस असतील तर त्यातला कॅनन यांच्याविरुद्धच्या बंडाचा भाग आधी वाचा आणि वीज प्रकल्पाकडे मग वळा.