जिरा क्लाउड: बोर्ड देखणा, अहवाल मात्र तपासूनच पुढे पाठवा

हिंजवडीतल्या नोकरीच्या जाहिरातींत ‘जिरा येत असलं पाहिजे’ ही अट आता डोळ्यांना सरावली आहे. जिरा म्हणजे टीमच्या कामांचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर, आणि ‘येणं’ म्हणजे त्यातलं तिकीट (एका कामाची नोंद) उघडून स्टेटस बदलता येणं, एवढंच त्यात धरलेलं असतं. तेवढ्या कामाला ॲटलॅशियनचं हे उत्पादन खरोखर उत्तम आहे. १० जणांपर्यंतच्या मोफत प्लॅनमध्येही बॅकलॉग (राहिलेल्या कामांची यादी), स्क्रम आणि कानबान पद्धतीचे बोर्ड (स्टेटसनुसार कॉलममध्ये तिकिटं दाखवणारे), स्प्रिंट (ठरावीक मुदतीचा कामाचा टप्पा) सगळं मिळतं. घोळ पुढे होतो. याच तिकिटांवरून निघालेला आलेख स्टिअरिंग कमिटीसमोर, म्हणजे निर्णय घेणाऱ्या वरिष्ठांसमोर, जातो, त्यावर रिलीजची तारीख ठरते, आणि तो आलेख ज्या सेटिंगवर उभा आहे ती कोणी, कधी आणि किती घाईत केली हे खोलीत कोणालाच माहीत नसतं.

पहिला निर्णय प्रोजेक्ट उघडतानाच घ्यावा लागतो: टीम-मॅनेज्ड (सेटिंग टीमच्या हातात) की कंपनी-मॅनेज्ड (सेटिंग ॲडमिनच्या हातात)? टीम-मॅनेज्ड पाच मिनिटांत उभा राहतो, ॲडमिनच्या पाया पडावं लागत नाही, म्हणून सगळे तोच निवडतात. पण त्यात बनवलेली फील्डं (तिकिटावरचे माहितीचे रकाने) त्या प्रोजेक्टपुरतीच राहतात. सहा टीमनी ‘ग्राहक’ नावाचं फील्ड बनवलं, तर जिराच्या लेखी ती सहा वेगळी फील्डं. सगळ्या प्रोजेक्टांचा एकत्र अहवाल काढताना ती जुळत नाहीत. नंतर प्रकार बदलायचा म्हटलं तर त्यासाठी बटण नाही, नवा प्रोजेक्ट उघडून तिकिटं हलवावी लागतात. दोनपेक्षा जास्त टीम असतील तर पहिल्या दिवसापासून कंपनी-मॅनेज्ड घ्यावा आणि वर्कफ्लो, म्हणजे तिकिटाने कुठल्या स्टेटसमधून कुठे जायचं तो मार्ग, सगळ्यांना एकच लावावा.

त्या वर्कफ्लोत पाच-सहा स्टेटस पुरतात. ‘अडलंय’ असं वेगळं स्टेटस तर करूच नये, कारण तिकीट तिथे गेलं की ते डेव्हलपमेंटमध्ये अडलं की टेस्टिंगमध्ये, हे बोर्डवर दिसत नाही. त्यासाठी फ्लॅग, म्हणजे तिकिटावर लावायची खूण, आहे. तिकीट आहे त्याच कॉलममध्ये राहतं आणि वेगळ्या रंगात उठून दिसतं.

सगळ्यात जास्त गोंधळ घालतं ते रेझोल्यूशन, म्हणजे तिकीट कसं निकाली निघालं ते सांगणारं फील्ड. स्टेटस ‘डन’ झालं म्हणजे तिकीट संपलं असं आपण समजतो, पण जिराचे कितीतरी अहवाल स्टेटस न बघता रेझोल्यूशन फील्ड भरलंय का ते बघतात. ते रिकामं राहिलं तर बंद झालेली तिकिटंही उघडी मोजली जातात, आणि ‘किती आली, किती सुटली’ हा आलेख सहा महिने वरच चढत राहतो. उपाय सोपा आहे: ‘डन’कडे नेणाऱ्या ट्रान्झिशनवर (स्टेटस बदलण्याच्या पायरीवर) रेझोल्यूशन भरणारं पोस्ट-फंक्शन (त्या पायरीसोबत आपोआप होणारी कृती) लावायचं आणि तिकीट परत उघडणाऱ्या ट्रान्झिशनवर ते पुसणारं. यातली उलटी चूकही सर्रास दिसते. कोणीतरी रेझोल्यूशनच्या यादीत ‘अनरिझॉल्व्ह्ड’ असा पर्याय घालून ठेवतं. फील्डात काहीही असलं की जिरासाठी तिकीट सुटलेलं, मग त्या पर्यायाचं नाव काहीही असो.

बर्नडाउनची, म्हणजे स्प्रिंटमधलं उरलेलं काम दाखवणाऱ्या आलेखाची, गोष्ट याहून बारीक आहे. बोर्डच्या सगळ्यात उजव्या कॉलममधलं कामच तो पूर्ण धरतो. ‘क्यूए पास’ (टेस्टिंगमध्ये पास) आणि ‘क्लोज्ड’ असे दोन कॉलम असतील, तर क्यूए पास झालेलं काम रेषेत उतरत नाही. शेवटच्या दिवशी कोणीतरी सगळी तिकिटं एकदम बंद करतं आणि रेषा कड्यावरून कोसळल्यासारखी खाली येते. ती दोन्ही स्टेटस उजव्या कॉलममध्ये एकत्र टाकावीत. एखादं स्टेटस कुठल्याच कॉलमला जोडलेलं नसेल, तर त्यातली तिकिटं बोर्डवरून गायबच होतात. ‘माझं तिकीट कुठे गेलं?’ या तक्रारीत आधी हेच तपासावं. व्हेलॉसिटी, म्हणजे दर स्प्रिंटला कबूल केलेलं आणि झालेलं काम दाखवणारा आलेख; त्यातला करड्या रंगाचा खांब स्प्रिंट सुरू झाला त्या क्षणाचे पॉइंट (कामाच्या आकाराचा अंदाज) दाखवतो. सुरू केल्यानंतर पॉइंट भरले की कबूल केलेलं काम कमी आणि झालेलं जास्त दिसतं, आणि टीम उगाचच शूर ठरते.

शोधाची भाषा, जेक्यूएल, हे जिराचं खरं बलस्थान. चालू स्प्रिंटमधली, पूर्ण न झालेली आणि पाच दिवसांत कोणी हात न लावलेली तिकिटं शोधणारा एक फिल्टर सेव्ह करून रोज सकाळी मेलवर मागवला, तर स्टँडअपमधला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीतला, निम्मा वेळ वाचतो. एक खाच मात्र लक्षात ठेवावी. ‘लेबल अमुक नाही’ असं विचारलं की ज्यांना लेबलच नाही ती तिकिटंही वगळली जातात; ‘किंवा लेबल रिकामं आहे’ हे स्वतंत्रपणे लिहावं लागतं. मोजणीत तिकिटं कमी भरली की संशय आधी इथे घ्यावा.

किंमत माणशी लागते, पण खरा खर्च मार्केटप्लेसमधल्या (ॲटलॅशियनच्या ॲप-बाजारातल्या) जोड-ॲपचा. टेस्ट केसचं ॲप फक्त १५ टेस्टर वापरणार असले तरी क्लाउडवर त्याचं बिल जिराच्या सगळ्या युजरसंख्येवर लागतं. २०० जणांच्या कंपनीत हे बजेटमध्ये आधी धरलेलं नसतं आणि फायनान्सवाले नूतनीकरणाच्या वेळी जाब विचारतात. ऑटोमेशनलाही, म्हणजे आपोआप चालणाऱ्या नियमांनाही, कोटा आहे. २०२३च्या अखेरीस बदललेल्या नियमांनुसार मोफत प्लॅनला महिन्याला १०० आणि स्टँडर्डला १,७०० रन. प्रत्येक कॉमेंटवर चालणारा एखादा हौशी नियम महिना संपायच्या आत कोटा खाऊन टाकतो, आणि मग महत्त्वाचे नियमही थांबतात.

धोरणाच्या पातळीवर, म्हणजे अनेक टीमचं काम, क्षमता आणि अवलंबन एकाच पटावर बघायला, ‘प्लॅन्स’ हे वैशिष्ट्य हवं आणि ते प्रीमियम या महागड्या प्लॅनपासूनच मिळतं. एपिकच्या (अनेक तिकिटं एकत्र बांधणाऱ्या मोठ्या कामाच्या) वर ‘इनिशिएटिव्ह’सारखी पातळीही तिथेच जोडता येते. चांगलं आहे, पण खालची तिकिटं स्वच्छ नसतील तर त्यासाठी पैसे मोजू नयेत. कुठला प्रोजेक्ट बंद करावा, हे ते सांगत नाही. पैशाचा हिशेब आणि अपेक्षित फायदा पोर्टफोलिओ (कंपनीचे सगळे प्रोजेक्ट एकत्र) बघणाऱ्याला बाहेर, बहुधा एक्सेलमध्येच, ठेवावा लागतो.

मोबाइल ॲप मंजुरी आणि कॉमेंटपुरतं ठीक.

बॅकअपबद्दल निष्काळजी राहू नये. ५ एप्रिल २०२२ रोजी ॲटलॅशियनच्याच देखभालीच्या स्क्रिप्टला ॲपऐवजी संपूर्ण साइटचे आयडी दिले गेले आणि ७७५ ग्राहकांच्या साइट पुसल्या गेल्या. डेटा परत आला, पण काहींना जवळपास दोन आठवडे थांबावं लागलं. म्हणून डेटाची निर्यात ठरावीक दिवशी घ्यावी आणि ती कंपनीच्या स्वतःच्या स्टोरेजवर ठेवावी. स्वतःच्या सर्व्हरवर राहण्याची वाटही आता बंद होत चालली आहे: सर्व्हर आवृत्तीचा सपोर्ट फेब्रुवारी २०२४ मध्ये संपला आणि स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या ‘डेटा सेंटर’ या दुसऱ्या आवृत्तीची मुदत २८ मार्च २०२९ पर्यंतच आहे. डेटा सेंटरवर असलेल्यांनी वापरात नसलेली फील्डं, मेलेले वर्कफ्लो आणि सोडून गेलेल्यांची खाती स्थलांतराआधीच काढून टाकावीत. तो कचरा क्लाउडवर जसाच्या तसा जातो, आणि चालू राहिलेल्या खात्यांचं तिथे दरमहा बिलही येतं.