अँटेना ठेवा, सोबतची केबल काढून टाका: बाहेर लावायच्या डिस्कोनचा अनुभव

स्कॅनर रेडिओसाठी गच्चीवर लावायच्या या अँटेनाच्या संचाला पाचपैकी साडेतीन तारे. नुसत्या अँटेनाला साडेचार दिले असते, पण खोक्यात सोबत जी केबल येते तिने एक तारा खाल्ला. कंपनीचं नाव लिहीत नाही. अँटेना बरा आणि केबल टाकाऊ अशी जोडी पुष्कळ संचांत मिळते, त्यामुळे एकालाच झोडपण्यात अर्थ नाही. गच्चीवर अँटेना चढवल्यावर ‘यापेक्षा घरातल्या रबरी अँटेनावर बरं ऐकू येत होतं’ म्हणून ज्यांनी कपाळाला हात लावलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

माझी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, त्यामुळे तारा आणि जोड यांच्यावर माझा मुळातच विश्वास कमी. स्कॅनर, म्हणजे एकेक फ्रिक्वेन्सी चाळत ऐकवणारा रेडिओ, ठेवलाय तो मुख्यतः विमानांसाठी, म्हणजे ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ. कधीमधी १४५ च्या आसपास हॅम मंडळींच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या गप्पा, आणि वर ४३० ते ४४०.

डिस्कोन म्हणजे वर चकती, खाली शंकू, दोन्ही पत्र्याऐवजी सळ्यांचे. आर्मिग कंदोयान यांची ही रचना, पेटंट १९४५ सालचं, आणि अजून तिच्यात फारसं काही बदललेलं नाही. एकच अँटेना खूप मोठ्या पट्ट्यात चालतो, हा तिचा गुण. शंकूची सळई मोजली तर ७५ सेंटीमीटरच्या आसपास भरते, म्हणजे १०० मेगाहर्ट्झची पाव तरंगलांबी. तिथून वर हा अँटेना खरोखर काम करतो. खोक्यावर छापलेलं ‘२५ मेगाहर्ट्झपासून’ हे जाहिरातीपुरतं समजा, डोक्यावर सोबतची लांब काठी लावली तरीही. आणि गेन, म्हणजे सिग्नल एकवटून पकडायची ताकद, म्हणाल तर साध्या दोन दांड्यांच्या डायपोल अँटेनाइतकाच. डिस्कोन दूरचं ओढून आणत नाही. जे उंचीवर आधीच पोचलंय ते खाली देतो, एवढंच.

जोडणी सोपी आहे. सळ्या हाताने फिरवून बसवायच्या आणि मागचे चेकनट (सळई फिरू न देणारे जादा नट) पान्याने घट्ट करायचे. चेकनट सैल राहिला तर वाऱ्याने सळई हळूहळू सुटते आणि एक दिवस गच्चीवर पडलेली सापडते, म्हणून आट्यांवर थ्रेडलॉकचा (आटे धरून ठेवणाऱ्या डिंकाचा) थेंब टाका. धातू चांगला आहे, गंज नाही. इथपर्यंत तक्रार शून्य.

मग स्कॅनर लावला आणि सगळीकडे नुसती खरखर. विमानांच्या बँडवर मधूनच गाण्याचा फाटका आवाज. भाचा वर पाइपाशी उभा होता, फोनवर म्हणाला, ‘मावशी, अजून उंच करू का?’ म्हटलं, खाली ये आधी. अशा वेळी उंची वाढवायच्या भानगडीत पडू नये, कारण दोष कुठे आहे ते खाली बसूनच कळतं.

पहिली परीक्षा फुकटची आहे. स्कॅनरवर अ‍ॅटेन्युएटरचं, म्हणजे येणारा सिग्नल मुद्दाम कमी करायचं बटण असतं, ते दाबा. सिग्नल पडला तर ठीक. पण उलट आवाज स्वच्छ झाला, तर सिग्नल कमी पडत नाहीये, फार जास्त येतोय आणि स्कॅनरचं तोंड भरलंय. माझ्याकडे अगदी हेच झालं. खोटं वाटत असेल तर गणित करा: जवळच्या दोन एफएम स्टेशनांपैकी एक १०७ वर, दुसरं ९४ वर असेल, तर १०७ ची दुप्पट २१४, त्यातून ९४ वजा, राहिले १२०. म्हणजे विमानांच्या बँडमध्ये एक भूत उभं राहिलं, जे हवेत कुठेच नाही, फक्त तुमच्या स्कॅनरच्या पोटात आहे. रबरी अँटेना मुळात बहिरा, म्हणून त्याच्यावर हे कळत नव्हतं.

याला उपाय ८८ ते १०८ अडवणारा एफएम फिल्टर. डबी बोटभर असते, केबल आणि स्कॅनर यांच्या मध्ये बसते. ती लावल्यावर गाणी गेली आणि विमानांचे आवाज उभे राहिले. संचात केबलीऐवजी हा फिल्टर दिला असता तर मी पाच तारे दिले असते.

आता त्या केबलीकडे. पातळ, काळी, आरजी-५८ जातीची, लांबी २० मीटर, दोन्ही टोकांना कारखान्यातच बसवलेले पीएल-२५९ जातीचे, आट्यांनी फिरवून बसणारे कनेक्टर. आरजी-५८ ही वाईट केबल नाही, दोन-तीन मीटर टेबलावर वापरायला उत्तम. पण २० मीटरमध्ये विमानांच्या फ्रिक्वेन्सीवर ती साडेतीन डीबीच्या (डेसिबल, सिग्नल किती घटला ते सांगणारं माप) घरात खाते, म्हणजे निम्म्याहून जास्त सिग्नल वाटेतच संपला. ४५० मेगाहर्ट्झवर हाच तोटा सात डीबीच्या आसपास जातो आणि हातात जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. त्याच लांबीची एलएमआर-४०० जातीची केबल ४५० मेगाहर्ट्झला दोन डीबीसुद्धा घेत नाही. ती जाड आहे, वळत नाही, आणि भिंतीतल्या भोकातून घालताना शिव्या आठवतात. ते नको असेल तर टीव्हीच्या डिशची चांगली आरजी-६ वापरा. ती ७५ ओहमची आहे म्हणून लोक नाक मुरडतात, पण नुसतं ऐकण्यासाठी स्कॅनरचे ५० आणि केबलीचे ७५ यांच्या बेबनावात पाव डीबीही जात नाही. सिग्नल पाठवायचाच नाहीये, मग कशाला घाबरायचं?

तोटा एक वेळ चालवून घेतला असता, पण कनेक्टर पाहून डोकं फिरलं. डिस्कोनमध्ये चकती आणि शंकू एकमेकांना टेकलेले नसतात, त्यामुळे केबलच्या खालच्या टोकाला मल्टिमीटर लावला की केबलमधली मधली तार आणि तिच्याभोवती विणलेली जाळी यांच्यात काहीच जोड दिसायला नको. दिसला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग वरचं टोक अँटेनापासून सोडवून तिथे दोन्ही मुद्दाम जोडायचे आणि खाली पुन्हा मोजायचं: आता जवळपास शून्य ओहम यायला हवं. माझ्या मीटरवर आकडा एका जागी थांबेना. कनेक्टर हाताने जरा वाकवला की आकडा पळायचा. तो ब्लेडने उभा चिरला. आत जाळीचे मोजके केस आट्यांखाली नुसते चेपलेले, सोल्डरचा पत्ता नाही, आणि पहिल्याच पावसानंतर तांबं हिरवट पडायला लागलेलं. पाणी जाळीतून वातीसारखं खाली ओढलं जातं, त्यामुळे टोक कापून नवा कनेक्टर लावून भागत नाही, जाळी काळी पडलीय तिथपर्यंत केबल कापावी लागते. मी सगळीच फेकली.

कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं की अँटेना आणखी उंच लावून पाहावा.

पीएल-२५९ मुळात पाणी अडवणारा कनेक्टर नाही, मग तो कोणीही बनवो. जोड घट्ट केल्यावर आपोआप एकजीव होणारा रबरी टेप ताणून गुंडाळा, त्यावर साधा पीव्हीसी टेप, आणि गुंडाळताना खालून वर जा, म्हणजे थर कौलांसारखे एकावर एक बसतात आणि पाणी घसरून जातं. घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोल द्या, थेंब तिथूनच गळून जातील.

केबल बदलली, फिल्टर बसवला, तरी संध्याकाळी एक गुणगुण शिल्लक राहिली. ती घरातलीच होती. स्कॅनर बॅटरीवर टाकून घराचा मेन स्विच बंद केला तर एकदम शांत. मग एकेक सर्किट चालू करत गेले आणि जिन्यातल्या एलईडी दिव्याचा ड्रायव्हर सापडला. दिवा बदलला, विषय संपला. मोबाइलचे चार्जर आणि सौर इन्व्हर्टर यांच्यावरही असाच संशय घ्या.

दुकानदार हमखास प्रीअ‍ॅम्प, म्हणजे सिग्नल मोठा करणारी डबी, गळ्यात मारतात. एफएमचा प्रश्न सुटलेला नसताना तो लावणं म्हणजे आगीत तेल. लावायचाच तर वर अँटेनाजवळ, आणि अँटेनाकडून येताना आधी फिल्टर, मग प्रीअ‍ॅम्प. खाली स्कॅनरपाशी लावलात तर केबलीत हरवलेलं परत येत नाही, उरलेला सिग्नल आणि खरखर दोन्ही सारखेच मोठे होतात. जाड केबल टाकल्यावर मला त्याची गरज वाटली नाही.

आणि काही गोष्टी कुठलाच अँटेना देणार नाही. दहा मीटर उंचीवरून रेडिओचं क्षितिज जेमतेम १३ किलोमीटर असतं, तर दहा हजार मीटरवरचं विमान चारशे किलोमीटरवरूनही दिसतं. म्हणून वैमानिक खणखणीत ऐकू येतो आणि त्याला उत्तर देणारा टॉवर गप्प वाटतो. ही अँटेनाची चूक धरू नका. कूटबद्ध डिजिटल संभाषण तर शेजारी उभं राहून ऐकलं तरी फुरफुरच. विमानांचा बँड एएम आहे, स्कॅनर एफएमवर राहिला असेल तर आवाज चिरकतो, आणि स्क्वेल्च (खरखर दाबणारी खुंटी) चढवून ठेवला असेल तर कमजोर स्टेशन उघडतच नाही. तक्रार लिहिण्याआधी हे दोन्ही बघा. आपल्याकडे काय ऐकायला परवानगी आहे, हेही नियमांत एकदा पाहून घ्या.

आज हा अँटेना रोज चालतोय. विमानं उत्तम, १४५ छान, ४३० ते ४४० ठीक, त्याच्या फार वर गेलात की डिस्कोनची नजर क्षितिजावरून ढळते आणि जमिनीवरचं मंद होतं. खांबाला जाड तारेने अर्थिंग केलंय, केबलीवर विजेचा झटका जमिनीत सोडणारा गॅसचा अरेस्टर आहे, तरी गडगडाट सुरू झाला की मी केबल उपटून खिडकीबाहेर ठेवते.

फक्त एकच बँड ऐकायचा असेल तर डिस्कोन घेऊ नका, त्या बँडसाठी मापात कापलेला साधा ग्राउंड प्लेन (एक उभी सळई आणि खाली तीन-चार पसरलेल्या सळ्या) अँटेना निम्म्या धातूत तेवढंच ऐकवतो आणि एफएमचा कचराही कमी उचलतो. चार बँडांत फिरायची सवय असेल तर हाच घ्या, आणि दुकानात विचारा की केबलीशिवाय नुसता अँटेना देतात का. माझ्या दुकानदाराने आधी नाही म्हटलं होतं, दुसऱ्या गिऱ्हाइकाला मात्र दिला.