जुन्या भिंतीला चुना की सिमेंट? सांगलीतल्या एकाच घरातल्या दोन खोल्या

सांगलीच्या गावभागात ज्यांची जुनी घरं आहेत, म्हंजे मातीत बांधलेल्या विटांच्या भिंती, सागवानी खांब, वर कौलं नाहीतर माळवद, त्यांच्यापुढं पुराचं पाणी ओसरलं की एकच प्रश्न असतो, आता भिंतीला लावायचं काय. गवंडी म्हणतो सिमेंट मारू, आठवड्यात मोकळे व्हाल. घरातली म्हातारी माणसं म्हणतात पहिल्यासारखा चुनाच बरा. आमच्या घरात दोन्ही आहे, त्यामुळं मी ऐकीव सांगत नाही. पुढच्या खोलीला २००५ च्या पुरानंतर सासऱ्यांनी सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं होतं, आणि माजघर २०२१ च्या पुरानंतर मी आणि आमच्या ह्यांनी स्वतः चुन्यात केलं. घर तेच, जोतं तेच, मधे फक्त एक चौकट.

आधी सिमेंटची खोली. २०१९ च्या ऑगस्टला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी ४५ आहे, म्हंजे काय झालं असेल बघा), आमच्या पुढच्या खोलीत कमरेएवढं पाणी होतं. ते उतरल्यावर प्लास्टर वरनं धडधाकट दिसत होतं, घासून धुतलं, रंग दिला, सगळ्यांना वाटलं भागलं. पण दोनेक महिन्यांनी बोटानं टिचकी मारली की जागोजागी पोकळ आवाज यायला लागला, मग रंगाला फुगे, फुग्यातनं पांढरी पूड, आणि एक दिवस कपाटामागचा हातभर रुंदीचा पापुद्रा अख्खा खाली आला. आत बघितलं तर विटा ओल्या गच्च, आणि विटांच्या मधली माती बोटानं उकरली तर चिखल. एवढ्या दिवसांनी, बाहेर ऑक्टोबरचं ऊन तापत असताना.

ह्याचं कारण साधं आहे पण कुणी नीट सांगत नाही. मातीतली भिंत जमिनीतनं पाणी ओढते, दिव्याची वात तेल ओढते तसं. पूर्वी ते पाणी गिलाव्यातनं हळूहळू हवेत निघून जायचं. सिमेंटचा थर घट्ट, त्यावर ऑइलपेंट किंवा प्लास्टिक पेंट म्हंजे अजून एक झाकण, मग पाणी बाहेर यायला जागा नाही म्हणून ते वर वर चढतं, आणि पाण्याबरोबर आलेले क्षार प्लास्टरच्या पाठीमागं साठून फुगतात आणि प्लास्टरला ढकलून काढतात. आपण ज्याला लोणा लागला म्हणतो तो हाच. दुसरं म्हंजे मातीची भिंत ऋतूप्रमाणं थोडी हलते, उन्हाळ्यात आकसते पावसाळ्यात फुगते, सिमेंट तिच्याबरोबर हलत नाही, त्यामुळं तडे जाणारच. सिमेंट वाईट नाही हो, चांगलंच आहे, फक्त ह्या भिंतीचं ते नाही.

आता चुना. २०२१ ला पाणी गुडघ्याएवढंच आलं पण माजघराचा जुना गिलावा आधीच खिळखिळा झाला होता, तो सगळा गेला. ह्यावेळी ठरवलं की घाई करायची नाही. दसऱ्याच्या आधी कळीचा चुना (भट्टीतले न विरलेले खडे) आणला आणि लोखंडी पिंपात विरवला. पिंपात अर्धं पाणी आधी भरायचं आणि खडे त्यात एकेक सोडायचे, चुन्यावर पाणी कधीच ओतायचं नाही, उडतं. खडा पडला की क्षणभर काही होत नाही, मग बुडबुडे, मग पाणी खळाखळा उकळायला लागतं आणि वाफेला तो ओल्या भिंतीचा वास येतो. डोळ्याला गॉगल, हातात रबरी मोजे, पूर्ण बाह्या, पायात गमबूट, आणि पोरं, मांजरं सगळी घराच्या त्या टोकाला. ह्यात काहीही सूट नाही, डोळ्यात चुना गेला तर भरपूर साध्या पाण्यानं धुवत राहायचं आणि सरळ डॉक्टर गाठायचा. मग गाळून ते पाण्याखाली झाकून ठेवलं, दिवाळी होईपर्यंत, आणि हात घातला तर टांगलेल्या चक्क्यासारखं मऊ घट्ट झालं होतं. न विरलेला बारीकसा खडा जरी मालात राहिला तर भिंतीवर लावल्यावर महिन्यांनी तो फुगून टिकली एवढा खड्डा पाडतो, म्हणून गाळायचा कंटाळा करू नका.

कळीचा चुना मिळाला नाही तर पोत्यातली चुन्याची फक्की दोनचार दिवस भिजवून चालते, पण पोतं बंद आणि ताजं पाहिजे, उघड्यावर पडलेली फक्की हवा खाऊन मेलेली असते. आणि शेतात टाकायचा चुना आणू नका, तो बऱ्याचदा नुसता दळलेला चुनखडीचा दगड असतो, त्याला धरच नसतो.

माल आम्ही एक भाग चुना, दोन भाग धुतलेली वाळू आणि एक भाग सुरखी असा घेतला. सुरखी म्हंजे विटांचा चुरा, त्यानं चुना ओलीतसुद्धा धरतो, पूरपट्ट्यात ती सोडू नका. आधी विटांच्या दर्जा (म्हंजे मधले सांधे) खरवडून मालानं भरल्या, मग भिंत ओली करून बोटाच्या पेराहून कमी जाडीचा पहिला हात, त्यावर खिळ्यानं तिरप्या रेघा, आणि मग थांबायचं. आठदहा दिवस. रोज सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हलका फवारा, दुपारी ऊन आलं तर ओली गोणपाटं. नखानं दाबून खूण उठेनाशी झाली की दुसरा हात, परत तेवढंच थांबायचं, शेवटी गाळलेल्या मालाचा पातळ हात आणि गुरमाळ्यानं (घोटायच्या सपाट थापीनं) घोटणं. दिवाळीला सुरू केलेलं माजघर होळीला संपलं. सासऱ्यांची खोली तीन दिवसात झाली होती, वर सात दिवस पाणी मारणं.

मग एवढा वेळ का घालवायचा, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं माझं उत्तर थोडं वेगळं आहे. सिमेंटचं काम म्हंजे घरात चार माणसं, सगळं सामान एका खोलीत कोंबलेलं, स्वयंपाकघर बंद, कालवलेला माल तासाभरात संपवायचा कारण तो थांबत नाही. हाताला सवय नसेल तर घाईत भिंत वाकडीतिकडी होते आणि वाकडं झालेलं सिमेंट काढायचं म्हंजे विटासकट निघतं. चुन्याचा माल दुसऱ्या दिवशीही परत मळून लावता येतो, सुरखी मात्र लावायच्या दिवशीच मिसळायची. चुकलं तर खरवडून तोच माल परत. रोज ऑफिसहून आल्यावर दोन तास, एका वेळी पलंगाएवढी जागा, आणि घर चालू. शिकाऊ हाताला चुना सांभाळून घेतो. स्वतः करायचं असेल तर हा फरक मला सगळ्यात मोठा वाटतो, पैशापेक्षाही.

आणि त्या थांबण्याच्या दिवसात मी बेकिंग शिकले, हे मी मुद्दाम सांगतेय कारण ते त्याच कामाचा भाग झालं. भिंतीवर माल वाळतोय, तुम्हाला हात लावायचा नाही, आणि हात तर शिवशिवतायत. आमच्याकडं खपली गहू गावाकडनं येतो. नुसत्या खपलीचा ब्रेड बसका होतो, तिच्या कणकेला ताण कमी, म्हणून अर्धं पीठ मैदा घ्यायचा: २५० ग्रॅम खपली, २५० ग्रॅम मैदा, ३३० मिली पाणी, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ९ ग्रॅम मीठ आणि मूठभर तासगावचे बेदाणे, भिजवून पिळून घेतलेले. डिसेंबरात पीठ फुगायला दोन तास लागतात, मग आकार देऊन अजून पाऊण तास, आणि २०० डिग्रीला साधारण ३५ मिनिटं. पाव बाहेर काढून तळाला टिचकी मारली की पोकळ आवाज आला पाहिजे, भिंतीच्या बरोब्बर उलटं. संध्याकाळी कामाआधी त्याचा एक जाड काप आणि चहा, सासूबाई तूप लावून खायच्या. एकच नियम पाळला, चुन्याचं घमेलं, चाळणी, वाटी काहीच स्वयंपाकघरात आलं नाही, आणि हात साबणानं धुवून, खोबरेल चोळून, परत धुतल्याशिवाय पिठाला लावले नाहीत.

ह्याच ओव्हनमुळं एक गोष्ट मात्र वेळेवर कळली. दुसऱ्यांदा ब्रेड लावला तेव्हा जळक्या प्लास्टिकचा वास आला, बघितलं तर जुन्या बोर्डाचा सॉकेट हाताला चटका बसेल एवढा तापलेला. ओव्हन दीड-दोन हजार वॅटचा असतो, त्याला १६ अँपिअरचा पॉइंट आणि जाड वायरची स्वतंत्र लाइन लागते, जुन्या घरातल्या वायरी त्यासाठी घातलेल्याच नसतात. ते काम इलेक्ट्रिशियनकडनं करून घेतलं आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट कुठं गळला की वीज तोडणारा स्विच) पण बसवला, ओल्या भिंतींच्या घरात तो पाहिजेच. वायरिंग, कौलांवर चढणं, आणि तुळईला वाळवी लागली असेल किंवा भिंतीला पोट आलं असेल ते, ह्यात स्वतः करायचं धाडस नको, तिथं इंजिनिअरला बोलवा आणि तो जे म्हणेल ते ऐका. भिंत शेजाऱ्यांशी सामाईक असेल तर हातोडा उचलायच्या आधी शेजारच्या काकांशी बोला.

तुमची भिंत कोणती ते आधी बघा. कोपऱ्यातली एखादी दर्जा स्क्रू-ड्रायव्हरनं उकरा. माती भुरभुरली तर चुनाच, दुसरा विचार नको. पांढरट खडबडीत असेल आणि लिंबाचा रस टाकल्यावर फसफसलं तर घर मुळात चुन्यात बांधलंय, तिथंही चुना. राखाडी आणि टणक निघालं, घर अलीकडचं आणि कॉलम-बीमचं असेल, तर सिमेंट करा, उगाच जुन्याच्या प्रेमानं चुन्याच्या मागं लागू नका. बाथरूमला आम्हीही सिमेंटच केलं, पण ती भिंत नवी स्वतंत्र बांधून, जुनीला चिकटवून नाही. आणि ओल अजून आहे का ते बघायला फूटभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला लावा, दोन दिवसांनी कागदाच्या आतल्या अंगाला थेंब दिसले तर थांबा, अजून भिंत वाळलेली नाही, कुठलाच गिलावा लावू नका.

खर्चाचं म्हणाल तर सामानात फार फरक पडत नाही. १०० चौरस फुटांच्या १२ मिमी प्लास्टरला सिमेंटचं साधारण एक पोतं जातं. सिमेंटमध्ये पैसा मजुरीत जातो आणि चुन्यात तुमचा वेळ जातो. पण चुना येणारा गवंडी शोधून त्याच्याकडनं सगळं करून घ्यायचं ठरवलं तर चुनाच महाग पडतो, तेवढे दिवस त्याची हजेरी भरायची असते. आणि वेळही नाही, मजुरीची तयारीही नाही अशी अडचण असेल तर मी म्हणेन की खालची चार-पाच फूट, जिथवर ओल चढते, तेवढी तरी चुन्यात करा आणि वरचं नंतर बघा.

जुना रंग काढताना एक काळजी. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं, आपल्याकडं ९० पीपीएमची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्यामुळं दारं-खिडक्या कोरड्या घासायच्या नाहीत, पाणी मारून ओलंच खरवडायचं, मास्क लावायचा, आणि घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर त्यांना त्या दिवसात दुसरीकडं ठेवायचं.

चुन्यावर रंग चुन्याचाच द्या, पाण्यासारखा पातळ, तीन हात. ओला असताना काहीच दिसत नाही, वाळला की पांढरा उमलतो. मला पिवळी झाक हवी होती आणि सांगलीत राहून हळदीचा विचार मनात येणारच, पण हळदीला चुना लागला की लाल होते, कुंकू तसंच तर करतात, आणि उन्हानं तो रंग उडतोही. पिवळी माती घातली, ती टिकली.

माजघराला आता काही पावसाळे झाले. जमिनीलगत वीतभर पट्ट्यात दर साली थोडा खार येतो, तो मी कोरड्या ब्रशनं झाडते आणि चुन्याचा एक हात फिरवते, अर्ध्या तासाचं काम. केसाएवढ्या दोन चिरा पडल्या होत्या त्या चुन्याच्या पाण्यानं परत बुजल्या. पुढच्या खोलीचं सिमेंट ह्या वर्षी काढायला घेतलंय, बारीक छिन्नीनं, तिरपं धरून, ओलीच्या खुणेच्या दोन फूट वरपर्यंत. उघडी भिंत उन्हाळाभर तशीच वाळू देणार, चुना पावसाळ्यातच पिंपात विरवून ठेवणार, आणि पहिला हात दिवाळीनंतर.