इथिओपियाचं जेवण आधी करायचं की जपानचं?

सुट्ट्यांत पोरांसोबत दुसऱ्या एखाद्या देशाचं जेवण घरी करायचंय, इथिओपियन करू की जपानी, असं नणंद विचारून राहिली होती. मी दोन्ही केलेत म्हणून लिहिते.

इथिओपियाचं बहुतेक सामान आपल्या नागपूरच्या इतवारी बाजारातच मिळून जातं. शिरो म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं तिखट कालवण, आपल्या पिठल्याचं सख्खं भावंड, मिसिर वोत म्हणजे मसूर डाळ, आणि बेरबेरे मसाल्यात लाल मिरची, मेथी, धणे, सुंठ, वेलची, त्यात भिवापुरी मिरची घातली तर रंग काय येतो बाप्पा! खरी गोष्ट कांद्याची आहे, तो बारीक चिरून आधी तेलाशिवाय मंद आचेवर परततात, तेल नंतर, मी याला 25 मिनिटं देतेच.

यासोबत खायचा इंजेरा म्हणजे आंबवलेल्या पिठाचा मोठा धिरड्यासारखा डोसा, मूळचा तेफ नावाच्या बारीक धान्याच्या पिठाचा, मी ज्वारी-नाचणीत थोडी कणीक घालते, चव अगदी तशी नाही येत पण ज्वारीही मुळात आफ्रिकेचीच ना. तिकडे पीठ दोन-तीन दिवस आंबवतात, आपल्या मे महिन्यात एक दिवस पुरे. तव्यावर झाकण ठेवून एकाच बाजूनं भाजायचा.

जपानला मेहनत कमी, पण मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं खारट वाटण), कोंबू (सुकवलेलं समुद्री शेवाळ), नोरी (शेवाळाचे पातळ कागद) सगळं ऑनलाइन मागवा. मिसो सूपसाठी कोंबू पाण्यात भिजवून गरम करायचं आणि उकळी यायच्या आत बाहेर काढायचं, मिसो गॅस बंद केल्यावर. 1908 मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ इकेदांनी उमामी ही पाचवी चव शोधली ती या कोंबूच्याच पाण्यात. शाकाहारी असाल तर नीट बघा, नेहमीच्या दाशीत, म्हणजे सूपच्या मूळ पाण्यात, सुकवलेला मासा असतो, त्याऐवजी सुके शिताके मशरूम घ्या. झणझणीत सावजी खाणाऱ्याला सूपचा पहिला घोट फिका लागेल. पोरांना आधी नागपूरजवळच्या कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर दाखवून आणा, जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीनं 1999 मध्ये झालेलं, मग घरी बौद्ध मठांतलं शोजिन र्योरी करा, त्यात मांस-मासे तर नाहीच, कांदा-लसूणही नाही.

घरात तिखट न चालणारं कोणी म्हातारं माणूस किंवा लहान लेकरू असेल तर जपानच घ्या. नाहीतर माझं मत इथिओपियालाच. तिकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांना बुधवार-शुक्रवारच्या उपासाला दूध-तूपही चालत नाही, म्हणून शाकाहारी पदार्थ भरपूर आहेत, आणि सगळे एकाच ताटात जेवतात, एकमेकांना हातानं घास भरवतात, त्याला गुर्शा म्हणतात. आमच्याकडे पोरांनी आजीला भरवलं तर आजी नेहमीपेक्षा दोन घास जास्त जेवली. रविवारी करायचं तर शनिवारी सकाळीच पीठ भिजवा.