व्हिडिओला आवाज द्यायचाय: फोन, कॉलर माइक की यूएसबी माइक?

राजगडाचं चित्रीकरण कापून बारा मिनिटांवर आणलं आणि निवेदनाचा प्रश्न उभा राहिला. गडावर वारा एवढा होता की तिथे बोललेलं एक वाक्यही वापरण्यासारखं नव्हतं. घरी बसूनच आवाज द्यावा लागणार होता, पण तो कशावर? फोन आणि वायरचा कॉलर माइक घरात होता. एका मित्राने त्याचा यूएसबी कंडेन्सर माइक, म्हणजे थेट संगणकाला जोडायचा आणि बारीक आवाजही टिपणारा माइक, आठवडाभरासाठी दिला. रात्री अकरानंतर, पंखा बंद करून, तिन्हींवर एकच वाक्य म्हटलं: ‘पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या, आणि मधोमध भक्कम बालेकिल्ला.’

वाक्य मुद्दाम निवडलं होतं. प, ब, भ म्हणताना तोंडातून हवेचा झोत सुटतो आणि माइकवर ‘धप्प’ असा आवाज येतो. ‘सुवेळा’, ‘संजीवनी’मधला स शिट्टीसारखा टोचतो. तुम्हीही तुमच्या संहितेतलं असंच एखादं अवघड वाक्य चाचणीला घ्या. ‘हॅलो, एक दोन तीन’वरून काही कळत नाही.

आधी फोन. त्याला खर्च शून्य, आणि आजच्या फोनचा माइक लोक समजतात त्यापेक्षा बराच चांगला असतो. बिघडतं ते अंतरामुळे. फोन टेबलावर ठेवून दोन हात लांबून बोललं, की आवाज विहिरीतून आल्यासारखा होतो. अंतर दुप्पट केलं की तुमचा थेट आवाज ६ डेसिबलने उतरतो, खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणून फोनची खालची कड तोंडापासून एक वीत अंतरावर, जरा बाजूला धरा, म्हणजे ‘पद्मावती’चा प सरळ माइकवर आदळणार नाही. एक मर्यादा मात्र राहते. तुम्ही थांबलात की बरेच फोन आपणहून संवेदनशीलता वाढवतात, त्यामुळे दोन वाक्यांच्या मधे खोलीची घरघर वर येते. फाइल संगणकावर नेताना व्हॉट्सॲपने पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हॉइस मेसेज म्हणून नको. तिथे आवाज दाबला जातो.

कॉलर माइकमध्ये अंतराचा प्रश्नच मिटतो. हनुवटीखाली एक वीत लावला की मान वळवा, कागद बघा, पातळी फारशी हलत नाही. तो तोंडाखाली असल्यामुळे प-भ-चा धक्काही फारसा बसत नाही. बोयाचा बीवाय-एम१ हा यातला आपल्याकडे सर्रास दिसणारा माइक. ६ मीटर वायर, किंमत हजार रुपयांच्या आसपास. त्यावर फोन आणि कॅमेऱ्यासाठी एक खटका असतो आणि कॅमेऱ्याला लावताना आत बटण सेल लागतो. फोनसाठी पिनवर तीन काळ्या रेघा हव्यात. दोन रेघांची पिन लावली तर फोन मुकाट्याने स्वतःच्याच माइकवर रेकॉर्ड करत राहतो. ओळखायचं सोपं आहे: रेकॉर्डिंग चालू करून कॉलर माइकवर नखाने हलकं टिचकवा. फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सीचं कनेक्टर लागेल, आणि ते माइकसाठी चालतं का हे दुकानातच तपासा. काही फक्त गाणी ऐकण्यापुरतीच असतात.

याचा दोष म्हणजे हा माइक चहूबाजूंनी ऐकतो. शिवाय कांजीचा सुती कुर्ता, ओढणी, मंगळसूत्र या सगळ्यांची खसखस आणि किणकिण त्यात उतरते. मी जुना मऊ टी-शर्ट घालूनच बसतो.

यूएसबी माइकवर ‘बालेकिल्ला’ ऐकला तेव्हा मात्र मी थांबून परत ऐकला. आवाजाला छाती होती. हे माइक बहुधा समोरून ऐकतात, आणि अशा माइकच्या जवळ गेलं की खालचे स्वर आपोआप भरतात. पण ‘समोर’ म्हणजे कुठे ते पाहून घ्या. उभ्या ठेवायच्या कित्येक माइकचं तोंड वर नसून बाजूला असतं आणि लोक आइस्क्रीमच्या कोनासारखं त्याच्या टोकात बोलतात. समोर जाळीचा पॉप फिल्टर हवाच, नाहीतर ‘पद्मावती’ फुटते. बरा माइक घ्यायला तीन ते सहा हजार रुपये लागतात आणि संगणक चालू ठेवावा लागतो. त्याचा पंखा, टेबलावर टेकलेलं कोपर, खालच्या गल्लीतली रिक्षा, सगळं त्याला ऐकू येतं. घर रस्त्यालगत असेल तर कंडेन्सरऐवजी यूएसबी जोडणीचा डायनॅमिक माइक बघा. तो अगदी तोंडाजवळ धरावा लागतो, पण लांबचा गोंगाट कमी पकडतो.

या सगळ्यापेक्षा मोठा फरक मला खोलीत दिसला. हॉलमध्ये, टाइल्स आणि उघड्या भिंतींमध्ये, यूएसबी माइकवर केलेलं रेकॉर्डिंग एकीकडे. बेडरूममध्ये कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून, पाठीमागे खुर्च्यांवर दोन गोधड्या टाकून फोनवर केलेलं दुसरीकडे. घरच्यांना कोणतं कशावर केलं ते न सांगता ऐकवलं. सगळ्यांनी फोनवालं निवडलं. खोलीत एक टाळी वाजवा. मागून झणझणाट आला तर त्या खोलीत कितीही महागडा माइक तोकडाच पडणार. म्हणून पैसे काढण्याआधी गोधडी काढा असं मी कळकळीने सांगतो.

आवाज आधी की चित्र आधी? गड, प्रवास, घरातल्या आठवणी अशा विषयांना मी आवाज आधी करतो आणि त्यावर चित्रं कापतो. श्वासाला आणि विरामाला जागा मिळते. पाककृतीला हे जमत नाही. फोडणी तडतडते त्याच क्षणी ‘आता हिंग’ यायला हवं, तिथे चित्र बघतच बोलावं.

संगणकाचा आवाज वापरायचा मोह होतो. माझ्या ऐकण्यात तो ‘चमचा’ आणि ‘चमचे’ यांतला च बऱ्याचदा एकसारखाच म्हणतो. घरच्या व्हिडिओला तुमचाच आवाज हवा, आजी-आजोबांच्या व्हिडिओला तर नक्कीच.

तर, वर्षाला चार-पाच व्हिडिओ करणार असाल तर फोन आणि कपाट पुरे. महिन्याला एक-दोन असतील, किंवा आईबाबांनाही बोलतं करायचं असेल, तर वायरचा कॉलर माइक घ्या. नव्या माणसाला मी डोळे मिटून हाच सांगेन. दर आठवड्याला बसणार असाल आणि शांत खोली खरोखर हाताशी असेल, तेव्हाच यूएसबी माइक. मी मित्राचा माइक परत दिला आणि राजगड कॉलर माइकवर पूर्ण केला.

कशावरही करा, सुरुवातीचे दहा सेकंद गप्प बसून नुसती खोली रेकॉर्ड होऊ द्या. ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरला घरघर ओळखून काढायला तेवढाच तुकडा लागतो. रेकॉर्डिंगच्या पातळीपट्टीवर (जिथे शून्य म्हणजे कमाल मर्यादा) सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या, कारण एकदा फाटलेला आवाज नंतर सांधता येत नाही. आणि वाक्य चुकलं तर रेकॉर्डिंग बंद न करता एक टाळी वाजवून तेच वाक्य पुन्हा म्हणा. कापायला बसाल तेव्हा पडद्यावर ती टाळी काट्यासारखी उभी दिसते.