फाइंडमायपास्टवरची ब्रिटिश इंडियाची मृत्युपत्रं: पैसे वसूल

माझ्या सासूबाई खडकीच्या अँग्लो-इंडियन घरातल्या. त्यांचे खापरपणजोबा मुंबई इलाख्याच्या लष्करात होते एवढं घरात सगळ्यांना ठाऊक. त्यांची बायको कोण, हे मात्र कोणी सांगायचं नाही. त्यासाठी मी फाइंडमायपास्ट या घराण्याचा इतिहास शोधायच्या संकेतस्थळाची महिन्याची वर्गणी भरली.

बहुतेक जण आधी बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदी उघडतात. मी म्हणेन, मृत्युपत्रांपासून सुरुवात करा. इंडिया ऑफिस म्हणजे लंडनहून भारताचा कारभार पाहणारं ब्रिटिश सरकारचं खातं; ब्रिटिश लायब्ररीतल्या त्याच्या दप्तराची मूळ पानं या संकेतस्थळावर घरबसल्या वाचता येतात. चर्चच्या वहीत जिचं नाव कधीच आलं नाही ती बाई इथे सापडते, कारण तिला पैसे द्यायचे तर तिचं नाव लिहावंच लागतं. आमच्या माणसाने ‘माझ्यासोबत राहणारी’ म्हणून तिच्या नावे दरमहा रक्कम लावून दिली आहे आणि खाली सगळ्या मुलांची नावं दिली आहेत. सासूबाईंनी ते पान माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. एवढ्या एका पानासाठीसुद्धा मी वर्गणी भरली असती.

मालमत्तेच्या याद्याही सोडू नका. मागे राहिलेलं सामान लिलावात निघायचं. खोगीर, खुर्च्या, बंदूक कुणी कितीला घेतली हेही बऱ्याच याद्यांत आहे. घेणारे बहुधा ओळखीचेच. मुलगी पुढे कुणाच्या घरात दिली, याचा माग मला त्या नावांतून लागला.

शोधताना लक्षात ठेवा: नोंद मृताच्या नावाने लागते, त्यामुळे त्या बाईचं नाव टाकून काही हाती लागत नाही. साल मृत्यूचं नसून कोर्टाने मृत्युपत्र मान्य केल्याचं असू शकतं, म्हणून पुढची काही वर्षंही चाळा. मुंबईत 1798 मध्ये रेकॉर्डर्स कोर्ट आलं, 1824 मध्ये सुप्रीम कोर्ट, 1862 मध्ये हायकोर्ट; कागदावर कोर्टाचं नाव बदललं तरी गोंधळू नका. इंग्लंडात मालमत्ता असेल तर 1858 च्या आधीची कँटरबरीच्या धर्मपीठाच्या कोर्टातली मृत्युपत्रं लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत.

वर्षाची वर्गणी घ्यायची गरज नाही. ब्रिटिश इंडियातल्या कुटुंबांसाठी काम करणाऱ्या फिबिस संस्थेची सूची फुकट आहे. आधी तिथे नावं आणि सालं काढून ठेवा, मग महिनाभराची वर्गणी भरा आणि पानं उतरवून घ्या. पाचपैकी साडेचार.