ओम्नीच्या हेडचे आटे आणि कणकवलीचा लेथवाला

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. वाशीला जाणाऱ्या ट्रकपर्यंत पोचवायच्या आंब्याच्या ३५ पेट्या पडवीत रचलेल्या होत्या आणि आमच्या मारुती ओम्नी व्हॅनच्या मधल्या सिलेंडरचा स्पार्क प्लग माझ्या हातात आला तो आट्यांसकट. प्लगवर अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली होती. हेडचे, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचे आटेच ते (प्लग ज्यात फिरवून बसतो ते स्क्रूसारखे वळसे), प्लगाबरोबर बाहेर आलेले. पाहून पोटात गोळा आला. देवगड-कणकवली पट्ट्यात ही वेळ दुसऱ्या कुणावर आली तर त्यांनी धावाधाव कमी करावी म्हणून हे लिहिते आहे.

गाडी २००६ची, माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, बागेच्या कामासाठी घेतलेली. सीट उचलली की इंजिन समोर, त्यामुळे प्लग साफ करणं, बदलणं मला मामांनीच शिकवलं. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय प्लगला पाना लावायचा नाही, हा त्यांचा नियम मी आजवर मोडलेला नाही. गरम असताना अ‍ॅल्युमिनियमचं हेड नरम असतं आणि लोखंडी प्लग फिरवताना आटे ओरबाडून आणतो. पण त्याच्या आदल्या पावसाळ्याआधी एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग केलं तेव्हा तिथल्या मुलाने प्लग बोटांनी न फिरवता थेट पान्यात धरून आत घातले. मधला तिरका चढत होता, तरी त्याने पान्याला पाइप लावून आवळला. मी शेजारी उभी होते. तेव्हाच थांबवायला हवं होतं.

आता फोनाफोनी सुरू केली. एकाने सांगितलं, हेड बदला, १४ हजार आणि आठ दिवस. दुसरा म्हणाला, टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवून देतो. हे दुसरं कुणी सुचवलं तर कृपा करून तिथून निघा. प्लगची उष्णता आट्यांतून आणि वॉशरमधून हेडमध्ये उतरते. तिथे टेप घातली तर प्लग तापत राहणार, आणि स्फोटाच्या दाबाने एक दिवस उडून सीटखाली आदळणार.

बागेत फवारणीचा पंप दुरुस्त करणाऱ्याने कणकवलीच्या या लेथवाल्याचं नाव काढलं. हायवेपासून जरा आत, पत्र्याची शेड, बाहेर पाटी नाही. पंपांचे शाफ्ट, पॉवर टिलरचे भाग हे त्याचं रोजचं काम. पिकअपला टोचन लावून नांदगावमार्गे ५० किलोमीटर गाडी नेली. त्याने गाडीकडे बघायच्या आधी माझ्याकडून जुना प्लग मागून घेतला, मापाचा व्हर्नियर लावला आणि बोलला, ‘‘१४ एमएम, पिच सव्वा, लांबी १९. काकी, हेड बदलूची गरज नाय. आटे नवीन घालूया.’’ पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर.

त्याने दोन पर्याय समोर ठेवले. एक स्टीलच्या तारेची कॉइल. ती स्वस्त आणि पुष्कळ ठिकाणी पुरेशी, पण पुढे कधी प्लग चिकटला तर कॉइल त्याच्याबरोबर बाहेर यायची भीती. दुसरा अखंड स्टीलचा बुश, म्हणजे आटे असलेली छोटी नळी, वर कॉलर असलेला, म्हणजे प्लगचा वॉशर त्या कॉलरवर सपाट टेकतो. आमच्या हवेत लोखंडाला अ‍ॅल्युमिनियम चिकटायला वेळ लागत नाही, म्हणून त्याने स्वतःच बुश घ्या म्हणून सांगितलं. मला ते पटलं.

हेड न उतरवता काम केलं. मला भीती होती ती किसाची. भोक मोठं करताना पडणारा अ‍ॅल्युमिनियमचा कीस सिलेंडरमध्ये गेला तर पिस्टनवर, भिंतींवर ओरखडे पडणार. त्याने टॅपच्या, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराच्या, खाचांत ग्रीस थापलं, अर्धा आटा पुढे, थोडा मागे, बाहेर काढून पुसायचं, परत ग्रीस. माझ्या मुलाने विचारलं, अजून किती वेळ? तर मान वर न करता म्हणाला, ‘‘घाय केल्यार कीस आत जातलो.’’ एवढ्या एका टॅपिंगला त्याने पाऊण तास घेतला. मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहील असं इंजिन हाताने फिरवून कॉम्प्रेसरची हवा मारली, बारीक नळीने आतून ओढून घेतलं, आणि शेवटी पेनाएवढा कॅमेरा आत सोडून मलाही मोबाइलवर दाखवलं. पिस्टनचा माथा काळा, स्वच्छ, एक चमकता कण नाही.

बुशला उष्णता सोसणारं लॉकिंग लिक्विड लावून आवळला आणि त्याचं टोक सिलेंडरमध्ये डोकावत नाही ना, हे पुन्हा कॅमेऱ्याने तपासलं. डोकावलं तर ते टोक तापून लाल होतं आणि ठिणगीआधीच पेट्रोल पेटतं, असं त्याने मुलाला समजावलं. नवा प्लग रबराच्या नळीच्या तुकड्यात खोचून फिरवला. आटे तिरके लागले तर नळी हातातच घसरते, जोर जाऊच शकत नाही. किती सोपी गोष्ट आहे! वॉशर टेकल्यावर पान्याने अर्धा ते पाऊण फेरा, बस. तरी आवळण्याचा जोर मोजणारा टॉर्क पाना लावून २५ न्यूटन-मीटर बघितलं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब मोजला, तिन्ही सिलेंडर १५० ते १५५ पीएसआय. मजुरी, बुश, नवा प्लग धरून १,९०० रुपये.

नावडलेलंही सांगते. फोन उचलत नाही, त्यामुळे गाडी घेऊन गेल्यावर कळलं की आमच्या लांबीचा बुश शिल्लक नाही. तो कोल्हापूरहून यायला दोन दिवस गेले आणि तेवढ्यात माझ्या पेट्या भाड्याच्या टेम्पोने गेल्या. आधी कळतं तर गाडी घरीच ठेवली असती. पक्कं बिल मिळत नाही. बसायला जागा नाही, उन्हात उभं राहावं लागतं, वयस्कर माणसांना नेऊ नका.

त्यानंतर सहा महिने झाले, पूर्ण पावसाळा गेला. गेल्या आठवड्यात थंड इंजिनावर तिन्ही प्लग काढले. मधला प्लग बोटांनी फिरला, बुश जागच्या जागी, प्लगचा रंग बाकी दोघांसारखाच फिकट तपकिरी. मामा असते तर त्यांना तो प्लग हातात घेऊन दाखवला असता.

जाणार असाल तर जुना प्लग फेकू नका, त्याला चिकटलेल्या आट्यांसकट घेऊन जा, मोजमाप त्यावरूनच होतं. सकाळी नऊच्या आत पोचा. रविवारी बंद.